कॅसेट भरून मिळेल

आमच्या सोसायटीत दुपारी एक ते चार कुत्रंसुद्धा विचारून भुंकतं. कर्वेनगरातली जुनी सोसायटी, निम्मे पेन्शनर, जेवण झालं की पडदे ओढून आडवे. अशा एका दुपारी, दोन हजार सहा सालच्या जूनमध्ये, समोरच्या आगाशेंच्या घरातून अशी काही किंचाळी आली की माझ्या हातातली बडीशेपेची डबी खाली पडली. माणसाची नव्हे, जनावराचीही नव्हे. आधी एकसुरी शिट्टी, मग पत्र्यावर करवत चालवावी तशी खरखर, आणि थांबायचं नाव नाही. आमचे हे अंथरुणातूनच म्हणाले, "आगाशेचा कुकर फुटला वाटतं." मी म्हटलं, "कुकर एकदाच फुटतो. हा फुटतोच आहे."

मी जिन्यात आले तर खालचे नागोराव आधीच वर आलेले. मूळचे यवतमाळचे, हडपसरच्या कारखान्यात रात्रपाळी करतात, दुपारची झोप हीच त्यांची रात्र. डोळे लालभडक. त्यांनी दार बडवलं. "साहेब, घरात बोकड कापून ऱ्हायले का तुम्ही?"

दार बोटभर उघडलं. आगाशेंनी आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कॅसेट." दार बंद.

झालं! एवढंच स्पष्टीकरण. नागोराव माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "जा, झोपा. आज त्यांनी एक शब्द दिलाय, दुसरा मागू नका."

श्यामसुंदर आगाशे हा माणूस असाच. बँकेच्या हडपसर शाखेत कॅशियर होते. आयुष्यभर खिडकीतून "स्लिप", "सही", "उद्या" एवढंच बोलले असतील. त्यांची बायको नीरजा, माझी जिवलग मैत्रीण, म्हणायची, "यांच्या तोंडाला रिक्षासारखा मीटर बसवलाय गं. शब्द पडला की आकडा वाढतो." आणि नुसते शब्दच नव्हे, हा माणूस सगळंच राखून ठेवणारा. चांगला टॉवेल पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे आले तरी तो कपाटातच. दिवाळीचा सुगंधी साबण पुढच्या दिवाळीला. लग्नात आलेला कपांचा सेट मी आजतागायत खोक्याबाहेर पाहिलेला नाही. चांगली वस्तू वापरली की संपते, हा त्यांचा सिद्धांत. वापरली नाही तरी संपते, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "बरं" म्हणाले असते.

नीरजा अगदी उलट. शाळेत गणित शिकवायची आणि बडबड तर अशी की दूधवाला पैसे घ्यायचे विसरायचा. सत्त्याऐंशी साली आगाशेंनी, काय डोक्यात आलं देव जाणे, एका साहेबाच्या भावाकडून जुना स्पेक्ट्रम आणला. स्पेक्ट्रम म्हणजे रबरी बटणांचा चिमुकला घरगुती कंप्युटर. टीव्हीला जोडायचा, आणि त्याचे प्रोग्रॅम साध्या गाण्याच्या कॅसेटवर ठेवायचे. कॅसेट टेपरेकॉर्डरला लावली की तीच ती किंचाळी निघायची. ती किंचाळी कंप्युटर ऐकायचा आणि त्यातून पडद्यावर खेळ उभा राहायचा. गंमत बघा, बँकेत त्या वर्षी संगणक नको म्हणून संघटनेचे मोर्चे, आगाशे काळी फीत लावून त्यात सामील, आणि घरी येऊन बायकोला वायर जोडून देणार. मी म्हटलंदेखील, "बाहेर हटाव आणि घरात बसव, छान आहे." ते म्हणाले, "ते वेगळं."

नीरजा पुस्तकात बघून बघून प्रोग्रॅम लिहायला शिकली आणि तिनं लेकीसाठी, स्वरालीसाठी, सापशिडी केली. मी पाहिलीय ती. कंप्युटरला मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. शिडी मिळाली की शाब्बास, साप लागला की गेलीस खाली, आणि फासा पडेपर्यंत पडद्याच्या मधोमध मोठ्या अक्षरांत THAMB. थांब. स्वराली तेव्हा पहिली-दुसरीत होती. तो शब्द आला की दोन्ही हात मांडीखाली घालून थांबायची.

खेळ कॅसेटवर भरताना नीरजा आधी तोंडानं त्याचं नाव बोलायची, नंतर शोधायला सोपं जावं म्हणून. बटण दाबायचं, नाव बोलायचं, मग किंचाळी सुरू. त्या कॅसेटवर ती म्हणाली होती, "सापशिडी. स्वरालीसाठी. ए, गप्प बसा गं आता दोघी!" दोघी म्हणजे स्वराली आणि मी. मग खात्रीसाठी तिनं तोच खेळ पुन्हा पुन्हा भरला, बाजू संपेपर्यंत. बोलली मात्र एकदाच, सुरुवातीला. आणि शेवटी केसांतला आकडा काढून कॅसेटच्या मागची प्लास्टिकची खाच मोडून टाकली. ती मोडली की त्यावर दुसरं काही भरता येत नाही. "आता ब्रह्मदेव आला तरी पुसायचा नाही," म्हणाली.

नव्वद साली कावीळ उलटली आणि नीरजा गेली. घरात तिचे फोटो होते, पण फोटो मुके. व्हिडिओ आमच्यासारख्यांकडे कुठला? तिचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला, त्या कॅसेटच्या तोंडाशी. आगाशेंनी ती कॅसेट साबणासारखी, कपांसारखी, कपाटात ठेवून दिली.

पुढे काय, सगळ्यांचं झालं तेच. देश उघडला, रस्ते भरले, बँकेत कंप्युटर आले आणि ज्यांनी मोर्चे काढले त्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. आगाशे घरी बसले. स्वराली इंजिनिअर होऊन हडपसरच्याच आयटी पार्कात लागली, तिथेच मैत्रिणींबरोबर राहायला लागली. नवा कंप्युटर घेतला तेव्हा जुना बापाकडे आणून बसवला, इंटरनेट जोडलं, आणि म्हणाली, "बाबा, हे बघा, तुमचा स्पेक्ट्रम." माळ्यावरचा खरा स्पेक्ट्रम मुंग्यांनी कधीच खाल्ला होता. पण आता म्हणे जुन्या कंप्युटरचं सोंग नवा कंप्युटर वठवतो. त्या सोंगाड्या प्रोग्रॅमला एम्युलेटर म्हणतात. खिडकी उघडते आणि आत तोच पांढरा पडदा, खाली तीच बारीक अक्षरं.

तो माणूस वेडा व्हायचा बाकी राहिला हो! मला बोलावून दाखवलं. इंग्रजी 'जे' अक्षराचं बटण दाबलं की पडद्यावर अख्खा लोड शब्द उमटतो, कारण स्पेक्ट्रमचं तसंच होतं. मग अवतरणचिन्हं कुठे आहेत ते सापडेना. या कीबोर्डवर ती दुसऱ्याच दोन बटणांत लपलेली. सापडली तेव्हा टाळी वाजवली. आगाशेंनी टाळी! जगभरच्या लोकांनी आपापल्या कॅसेटींतले खेळ फायली करून इंटरनेटवर ठेवलेत. ते उतरवायचे, एम्युलेटरला द्यायचे, खेळायचे. खाणीत उड्या मारणारा माणूस, राक्षस, विमानं. महिनाभर आगाशे दुपारी उड्या मारत होते. मला वाटलं, बरं झालं, जीव रमला.

मग एका रविवारी स्वराली जेवायला आली होती, मीही होते. पडद्यावर कसलासा खेळ चालू. ती सहज म्हणाली, "आईनंही एक केला होता ना? त्यात ती बोलायची. बाबा, मला ना आईचा आवाजच आठवत नाही. आठवायला गेलं की पूर्णिमाकाकूंचाच येतो."

पूर्णिमाकाकू म्हणजे मी. आगाशेंनी नुसता भात कालवला. पण जेवण झाल्यावर कपाटाची किल्ली फिरल्याचा आवाज मी ऐकला.

त्या किंचाळीचं मूळ हे. नीरजाची कॅसेट कंप्युटरमध्ये घ्यायची, तिची फाईल करायची, आणि खेळ आवाजासकट लेकीला द्यायचा. तिला सांगायचं मात्र नाही. स्वरालीला कंपनी अमेरिकेला पाठवणार होती, गणपती बसले की लगेच जायचं होतं. त्याच्या आत.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. घरातला टेपरेकॉर्डर म्हातारा, त्याची गती डुगडुगती. रोज दुपारी किंचाळी व्हायची, पडद्याच्या कडेनं निळेपिवळे पट्टे धावायचे, आणि शेवटी तीच ओळ, टेप लोडिंग एरर. एक प्रत नाही तर दुसरी, दुसरी नाही तर तिसरी, सगळ्या सारख्याच. नागोराव खालून छताला काठी मारायचे. एकदा मी गेले तर आगाशे कानात घालायच्या कापसाच्या काडीनं टेपरेकॉर्डर आतून पुसत होते. काडी तपकिरी झाली होती.

"हे काय?"

"झीज."

"कशाची?"

त्यांनी कॅसेटकडे बोट दाखवलं. जुनी कॅसेट दर वेळी वाजवली की तिच्यावरची भुकटी थोडी गळते, आणि त्या भुकटीतच सगळं असतं, असं इंटरनेटवरच्या कुणा परदेशी गृहस्थानं त्यांना कळवलं होतं. मला कसंतरीच झालं. माझी मैत्रीण त्या काडीवर होती.

"अहो, मग आवाज तरी आधी काढून घ्या!" मी म्हटलं. "खेळ गेला खड्ड्यात."

"नाही. ते सुरुवातीचं मी वाजवतच नाही. पुढे सरकवून मग लावतो." आणि जरा थांबून, "एकदाच वाजवायचं. चांगल्या मशीनवर. वाया नाही घालवायचं."

बघा म्हणजे! सोळा वर्षं त्यांनी तो आवाज स्वतःही ऐकला नव्हता. राखून ठेवला होता. त्या दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

पुढे एकदा कॅसेट जरा जास्तच मागे गेली असावी. मी दारातच होते. खरखर झाली आणि आतून नीरजा म्हणाली, "साप..."

खटकन बटण दाबलं गेलं. आगाशे विस्तवाला हात लागल्यासारखे मागे सरकले. मी चौकटीला धरून उभी. अंगावर काटा आला आणि डोळ्यांत पाणी, दोन्ही एकदम. "अहो, होऊ द्या की पुढे," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या कपाळावर घाम होता.

जुलैच्या शेवटी त्या परदेशी गृहस्थाच्या युक्तीनं, चुकांकडे दुर्लक्ष करायला लावून, खेळ कसाबसा उभा राहिला. आगाशेंनी मला हाक मारली, म्हणजे जिन्यात येऊन "वहिनी" म्हणाले. पडद्यावर सापशिडीचा पट होता. काही घरं गळालेली, सापांची शेपटं तुटलेली. मधोमध मोठ्या अक्षरांत THAMB. त्यांनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. खेळ तिथेच गोठलेला. फासा पडेना, सोंगटी हलेना, तो एक शब्द तेवढा लुकलुकत राहिला.

भर दुपारी, लख्ख उन्हात, मला भीती वाटली. शप्पथ सांगते. "आगाशे, ती थांब म्हणतेय," मी म्हटलं. "आता पुरे करा. कॅसेट आहे तशी लेकीच्या हातात द्या."

"अर्धवट आहे," ते म्हणाले. एम्युलेटरमध्ये चालू खेळ आहे त्या क्षणाला जपून ठेवता येतो, तसा त्यांनी तो ठेवला. म्हणजे पुन्हा उघडला की पुन्हा तोच पट आणि तोच शब्द.

चांगली मशीन कोणाकडे असेल याचा विचार करता करता त्यांना ज्ञानदेव आठवला. मूळ मांजरीचा, हडपसरला साउंड सर्व्हिसचं दुकान, बँकेतला जुना खातेदार. सज्जन माणूस. मंडळांना लाउडस्पीकर द्यायचा. शिवाय चांगली दोन खणांची टेप आणि कंप्युटर दोन्ही बाळगून होता. लोक जुन्या कॅसेटी नेऊन द्यायचे, तो त्या कंप्युटरमध्ये घेऊन सीडी करून द्यायचा. म्हणजे नेमकं हेच काम.

निघताना मी त्यांना जिन्यात गाठलं. माझा उजवा डोळा सकाळपासून लवत होता, आणि बायकांचा उजवा लवला की वाईट. मी म्हटलं, "आगाशे, त्याला नीट, सगळं, पूर्ण वाक्यात सांगा. बायकोचा आवाज आहे म्हणावं. तुमचं ते अर्धं वाक्य आज घरी ठेवून जा."

"हो," म्हणाले, आणि गेले.

आगाशे कॅसेट परत आणायला गेले त्या दिवशी मीही बरोबर होते, माझी बहीण तिकडेच राहते म्हणून. गणपती तोंडावर आलेले. दुकानाबाहेर कर्णे, वायरींची भेंडोळी, आणि वर पाटी: कॅसेट भरून मिळेल. सीडी भरून मिळेल. लाउडस्पीकर भाड्याने.

ती पाटी मी वाचली आणि पुन्हा एकदा वाचली. का ते मला कळेना. शब्द तर साधे, रोजचे. कॅसेट भरणं म्हणजे तिच्यावर गाणी घालणं. आम्हीही तरुणपणी यादी देऊन दुकानातून कॅसेटी भरून आणायचो.

"या साहेब, या! वहिनी, बसा." ज्ञानदेवनं खुर्ची पुसली. "तुमचं काम झालं बघा. गनपतीच्या आत पायजे म्हनला होता, म्हनून सगळ्यांच्या आदी केलं." त्यानं कॅसेट पुढे ठेवली. तिच्यावर नवी कोरी चिठ्ठी, त्यावर लाल शाईचा गणपती.

आगाशे चिठ्ठीकडे बघत होते. "माझी?" म्हणाले.

"तुमचीच की. ऐका तर." त्यानं कॅसेट टेपमध्ये घातली आणि बटण दाबलं. झांजा वाजल्या. टाळ्या, ढोलकी, आणि दहाबारा जणांच्या खणखणीत आवाजात गणपतीची आरती सुरू झाली. "दोन्ही बाजू गच्च भरल्यात साहेब. आपल्या मांजरीच्या मंडळाची पोरं म्हनतात. कुटंच मिळायची न्हाई."

दुकानात आरती चालू राहिली. आगाशे उभेच होते. मी म्हटलं, "अरे, पण त्यावर आधी काही होतं ना?"

"व्हतं की. पन खराब झालती, वहिनी. नुसती किंचाळी. मागची खाचबी मोडलेली, मग तिला कागद कोंबला, चिकटपट्टी लावली, तवा कुटं भरली गेली." त्यानं कौतुकानं आगाशेंकडे पाहिलं. "साहेब म्हनले, भरून ठेव, गनपतीच्या आत पायजे. म्हनलं, साहेबांचं काम हाय, फसकलास करू."

आगाशेंनी हात पुढे करून टेप बंद केली. मग अगदी हळू विचारलं, "किंचाळीच्या आधी?"

"आं?"

"आधी काही होतं?"

ज्ञानदेवनं डोकं खाजवलं. "हां, सुरवातीला कोन तरी बाई बोलत व्हती जरा."

"काय म्हणाली?"

"आता काय ध्यानात ऱ्हातंय साहेब... सापशिडी का काय म्हनली. आन गप बसा म्हनली." तो हसला. "मास्तरीणबाईवानी."

"कशी म्हणाली?"

"कशी म्हंजे?"

"म्हणून दाखव ना. कशी म्हणाली ती?"

इतकी वाक्यं सलग मी आगाशेंच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. ज्ञानदेव गोंधळला. हसू तोंडावरच राहिलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, परत त्यांच्याकडे. "साहेब, काय चुकलं का माझं?"

मी तोंड उघडणारच होते. असा उभा आडवा घेतला असता ना त्याला! पण आगाशेंनी माझ्यासमोर आडवा हात धरला. "नाही," ते म्हणाले. "छान भरलीस." आणि कॅसेट खिशात घालून बाहेर पडले.

बसमध्ये माझा संताप मावेना. "अहो, सांगायचं तरी त्याला! कळू तरी दे काय केलंय ते!"

"त्यानं काय केलं? मी भर म्हणालो, त्यानं भरली." बस स्वारगेटला आली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कंप्युटरमध्ये भर, असं म्हणायचं होतं. 'कंप्युटरमध्ये', एवढा एक शब्द वाचवला मी, वहिनी."

मला वाईट वाटलं तरी राग काही गेला नाही. अजूनही गेलेला नाही. माणसानं किती म्हणून काटकसर करावी?

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी स्वराली निघायची होती. आदल्या दिवशी मोदक खायला आली. बाप गप्प, म्हणजे नेहमीसारखाच, त्यामुळे तिला काही वेगळं वाटलं नाही. मीच म्हटलं, "आगाशे, दाखवा तिला." कारण निदान काहीतरी तिच्या पदरात पडायला हवं होतं.

त्यांनी एम्युलेटर उघडला आणि जपून ठेवलेला पट आणला. गळालेली घरं, तुटके साप, मधोमध THAMB. स्वराली खुर्चीत बसली आणि बघते तर काय, तिनं दोन्ही हात मांडीखाली घातले. सव्वीस वर्षांची घोडी, उद्या अमेरिकेला निघालेली. तिचं तिलाही ते कळलं नाही.

"हे आईनं लिहिलंय," ती म्हणाली. आणि बराच वेळ तो लुकलुकणारा शब्द बघत राहिली. मग वळून विचारलं, "बाबा, आई कशी म्हणायची हो हे? एकदा म्हणून दाखवा ना."

आगाशेंनी घसा साफ केला. "थांब," म्हणाले. कोरडं, कॅशियरच्या खिडकीतलं. त्यांनी स्वतःच मान हलवली. "नाही. असं नाही." पुन्हा म्हणाले, जरा लांबवून, "थांऽब." पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नीरजाच्या अंत्यदर्शनालाही पाहिलं नव्हतं. बाप लेकीकडे असा बघत होता की जणू आत्ताच कोणीतरी येऊन सांगितलं, बाई गेल्या.

"मलाच आठवत नाही गं," ते म्हणाले. "मला वाटलं, कॅसेटवर आहे."

स्वरालीला कॅसेटचं काही माहीत नव्हतं. तिला वाटलं, म्हातारपण. तिनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "असू दे बाबा." दुसऱ्या दिवशी ती गेली.

आता आगाशेंच्या घरातून रोज दुपारी आरती ऐकू येते. गणपती जाऊन महिना झाला, नवरात्र झालं, तरी आरती. सोसायटीत त्यांचं फार कौतुक आहे. नागोराव परवा जिन्यात म्हणाले, "आता कसं, साहेब देवाधर्माले लागून ऱ्हायले. ते बोकड कापणं बंद झालं न. झोप बी गोड लागते." मी म्हटलं, "हो ना."

त्या दुपारी मी त्यांच्याकडे गेले. दार लोटलेलंच होतं. आगाशे टेपरेकॉर्डरशेजारी खुर्ची ओढून बसले होते, कान जाळीला लावून. आरती शेवटाला आली होती.

"अहो, किती दिवस हे..." मी सुरुवात केली.

त्यांनी हात वर केला. "थांबा, वहिनी."

आरती संपली. झांजेचा शेवटचा ठोका विरला. ज्ञानदेव गच्च म्हणाला होता तरी कॅसेटच्या टोकाला बोटभर जागा उरली होती, आणि त्या बोटभर जागेत ती जुनी किंचाळी अजून होती. खर्रर्र, घोटभर. मग खटका वर आला.

"एवढंच राहिलंय," आगाशे म्हणाले. "पण हे तिचं आहे."

त्यांनी कापसाच्या काडीनं टेप आतून पुसली. काडी तपकिरी झाली होती. ती त्यांनी टाकली नाही, डबीत ठेवली. डबीत तशा आणखी काड्या होत्या. मी दार ओढून घेतलं आणि घरी आले.